स्वतःलाच तोलणारा डॉक्टर

खांदेश्वरच्या तलावाकाठी सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या गप्पांत एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे वजन. समजा, शनिवारी काट्यावर ७८.२ किलो दिसले आणि सोमवारी ७९.४. आठवडाभर भात कमी केला, साखर बंद केली, रोज पाऊण तास चालणे झाले आणि तरीही काटा वरच! इथेच अनेकांचा धीर सुटतो आणि पथ्य मोडते. पण थोडा हिशोब करून पाहू. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. दोन दिवसांत १.२ किलो चरबी वाढायची, तर गरजेपेक्षा नऊ हजारांहून जास्त कॅलरी पोटात जायला हव्यात. लग्नाच्या पंगतीतही एवढे कोणी जेवत नाही. मग हे वजन आले कुठून?

या प्रश्नाचा पिच्छा पुरवणारा एक डॉक्टर चारशे वर्षांपूर्वी इटलीत होऊन गेला. त्याचे नाव सँटोरिओ आणि आडनावही सँटोरिओच. १५६१ मध्ये कापोदिस्त्रिया या बंदराच्या गावी त्याचा जन्म झाला. तेव्हा ते व्हेनिसच्या ताब्यात होते. आज ते स्लोव्हेनियात आहे आणि त्याला कोपर म्हणतात. पादुआच्या विद्यापीठातून १५८२ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी तो डॉक्टर झाला. पुढे व्हेनिसमध्ये त्याचा चांगला जम बसला आणि १६११ मध्ये पादुआनेच त्याला प्राध्यापक म्हणून बोलावले.

त्या काळचे वैद्यक अंदाजावर चाले. कपाळाला हात लावून ताप ठरायचा, बोटांखाली नाडी जलद की मंद हे ठरायचे. सँटोरिओला आकडा हवा होता. काचेच्या नळीवर खुणा करून त्याने ताप मोजण्याचे साधन बनवले. दोरीला गोळा टांगला आणि त्याचे हेलकावे नाडीशी जुळेपर्यंत दोरीची लांबी कमी-जास्त करून नाडीचा वेग मोजला. पण त्याचे नाव झाले ते एका खुर्चीमुळे.

तुला आपल्याला नवी नाही. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी १६७४ मध्ये रायगडावर सुवर्णतुला झाली होती. त्याआधी काही दशके सँटोरिओने स्वतःची तुला केली, पण समोर सोने नव्हते. होते ते रोजचे जेवण. छताला टांगलेल्या मोठ्या दांडीच्या काट्याला त्याने एक खुर्ची लटकवली आणि तिच्यावर बसून तो जेवू लागला. काटा असा लावलेला असे, की ठरवलेले अन्न पोटात गेले की खुर्ची खाली उतरे. पुरे झाले, हे काटाच सांगे. खाण्यापिण्याचे वजन, मलमूत्राचे वजन, झोपेआधीचे आणि झोपेनंतरचे वजन असे सगळे तो तोलत राहिला. हे काम तीस वर्षे चालले, असे परंपरेने सांगितले जाते.

हिशोब मांडल्यावर त्यालाच नवल वाटले. दिवसभरात आठ पौंड अन्नपाणी आत गेले, तर त्यातले सुमारे पाच पौंड डोळ्यांना न दिसता नाहीसे होत होते. मलमूत्राच्या वाट्याला उरलेलेच येई. त्वचेतून आणि श्वासातून सतत काही तरी बाहेर पडते, असा निष्कर्ष त्याने काढला आणि त्याला अदृश्य घाम म्हटले. १६१४ मध्ये त्याचे छोटेसे लॅटिन पुस्तक आले. पुढची शंभराहून अधिक वर्षे युरोपभर त्याच्या आवृत्त्या आणि भाषांतरे निघत राहिली.

त्या पुस्तकातली एक नोंद आज पथ्य करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. निरोगी, मोजून-मापून खाणाऱ्या पुरुषाचेही वजन महिन्याच्या काळात एक-दोन पौंडांनी वाढते आणि मग लघवी जास्त होऊन पुन्हा पूर्वपदावर येते, असे त्याने लिहिले. दर महिन्याला असे नेमाने घडते, हे त्याचे म्हणणे पुढे टिकले नाही. पण खाण्यात बदल नसतानाही वजन वर-खाली होते आणि त्यात मुख्य भाग पाण्याचा असतो, हे निरीक्षण पक्के ठरले.

त्याच्या चुकाही होत्या. सगळे आरोग्य या अदृश्य घामावर अवलंबून आहे, असे तो मानू लागला. शिवाय एवढी वर्षे तोलूनही रोजच्या आकड्यांचे तक्ते त्याने छापले नाहीत, फक्त निष्कर्षांची सूत्रे दिली. त्यामुळे त्याचा हिशोब पुढच्यांना तपासता आला नाही.

आज तो हिशोब मांडता येतो. शरीरात साधारण चार-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी. भात-पोळी कमी केली की पहिल्या आठवड्यात हा साठा उतरतो आणि दीड-दोन किलो झटकन कमी झालेले दिसतात. ती बहुतांशी चरबी नव्हे. रविवारी पोटभर जेवण झाले की साठा पुन्हा भरतो. लोणचे, पापड, पावभाजी यांतले मीठ पाणी धरून ठेवते. स्त्रियांमध्ये पाळीआधी पाणी साठते. बद्धकोष्ठतेचेही वजन असते. नव्याने व्यायाम सुरू केला की दुखऱ्या स्नायूंतही काही दिवस पाणी धरले जाते. या सगळ्यामुळे काटा किलो-दीड किलो सहज हलतो. रोज पाचशे कॅलरी कमी खाल्ल्या, तर आठवड्याला चरबी घटते जेमतेम अर्धा किलो. ती या लाटेखाली झाकली जाते.

आणि ही चरबी जाते कुठे? दहा किलो चरबी जळाली, तर त्यातली सुमारे ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते. उरलेल्याचे पाणी होते. सँटोरिओला ऑक्सिजनही ठाऊक नव्हता आणि कार्बन डायऑक्साइडही. तरी न दिसणाऱ्या वाटेने वजन जाते, हे त्याच्या खुर्चीने बरोबर पकडले होते.

म्हणून वजन सकाळी, शौचानंतर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर आणि तेवढ्याच कपड्यांत करावे. ते वहीत लिहावे आणि आठवड्याची सरासरी काढून चार आठवड्यांच्या सरासऱ्या एकमेकींशी ताडून पाहाव्यात. सोबत कमरेचा घेरही मोजावा. मात्र हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांचे वजन दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, पायांवर सूज आली किंवा धाप लागली, तर सरासरीची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. काही प्रयत्न न करता वजन घटत असेल, तरीही तपासणी हवी.

१६२४ मध्ये पादुआ सोडून सँटोरिओ व्हेनिसला परतला आणि १६३६ मध्ये तिथेच वारला. सोमवारच्या काट्यावर रागावण्याआधी त्याची खुर्ची आठवावी. ज्याने आयुष्यातली एवढी वर्षे स्वतःला तोलण्यात घालवली, त्याला आठवून आपणही एका दिवसाच्या वजनावरून निवाडा करू नये.