जहांगीर रतनजी दादाभाई टाटा : आकाशमार्गाचा एक पांथस्थ

ज्ञातीच्या स्मरणिकेत ज्ञातीतील थोर पुरुषांची चरित्रे द्यावीत, असा आपला प्रघात आहे. यंदा तो किंचित मोडून पारशी समाजातील एका दिवंगत पुरुषाचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. आमच्या जालना जिल्ह्यातील मुलामुलींना आज परीक्षा, प्रवेश व पारितोषिके यांच्या चढाओढीत उतरावे लागते. त्या चढाओढीत वागावे कसे, याचा धडा या चरित्रात आहे.

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. वडील पारशी, आई फ्रेंच. बालपणीचे उन्हाळे फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील हार्डेलो या गावी जात. इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारे ब्लेरिओ यांचेही घर तेथेच होते. वाळूवर उतरणारी विमाने पाहून या बालकाला उड्डाणाची ओढ लागली, ती जन्मभर सुटली नाही. १० फेब्रुवारी १९२९ रोजी हिंदुस्थानात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना त्यांस मिळाला.

त्याच वर्षी आगाखान यांनी ५०० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले. इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील प्रवास ठराविक मुदतीत, विमानातून एकट्याने पुरा करणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकास ते मिळावयाचे होते. ३ मे १९३० रोजी टाटा आपल्या लहानशा जिप्सी मॉथ विमानातून कराचीहून निघाले. उघडी बैठक, एकच एंजिन, आणि वाटाड्या म्हणून नकाशा व होकायंत्र, एवढ्या सामग्रीवर वाळवंटे व समुद्र ओलांडावयाचे होते. इंग्लंडहून उलट दिशेने अस्पी एंजिनिअर हा अवघ्या सतरा वर्षांचा तरुण येत होता.

ईजिप्तमधील अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. स्पार्क प्लगांवाचून अस्पी तेथे अडकून पडले होते. टाटांनी काही न करता पुढे उड्डाण केले असते, तरी स्पर्धेचा एकही नियम मोडला नसता. परंतु त्यांनी आपल्याजवळच्या जादा प्लगांतून प्रतिस्पर्ध्याची गरज भागविली. अस्पींनीही आपले जीवरक्षक जाकीट त्यांस दिले. पुढे अस्पी आधी कराचीस पोहोचले व पारितोषिकाचे मानकरी ठरले. टाटांनी मात्र क्रॉयडनपर्यंतचा आपला प्रवास पुरा केल्याखेरीज विसावा घेतला नाही. हेच अस्पी १९६० मध्ये भारतीय वायुसेनेचे प्रमुख झाले.

पारितोषिक हुकले, म्हणून आकाश हुकले नाही. नेव्हिल व्हिन्सेंट यांच्या साहाय्याने टाटांनी हवाई टपालाची योजना आखली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी पस मॉथ विमानातून टपाल घेऊन ते कराचीहून निघाले व अहमदाबादेस पेट्रोल भरून दुपारी जुहूस उतरले. तेथून मद्रासकडे टपाल नेण्याचे काम व्हिन्सेंट यांनी केले. सरकारी अर्थसाहाय्य नव्हते. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलाने निरुपयोगी होई, तेव्हा मुक्काम पुण्यास हलवावा लागे. त्या काळी निजामी राज्यात असलेल्या आमच्या जालन्यास मनमाडहून मीटर गेजची गाडी येई, आणि तीच वेगवान वाटे! या अल्पारंभातूनच १९४६ मध्ये एअर इंडिया उभी राहिली. १९५३ मध्ये ती राष्ट्राच्या मालकीची झाल्यावरही १९७८ पर्यंत टाटाच तिचे अध्यक्ष होते.

तरुणांतील मरगळ पाहून, १९८२ मध्ये वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी लेपर्ड मॉथ या लहान विमानातून कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा एकट्याने केला. १९९२ मध्ये त्यांस भारतरत्न हा किताब मिळाला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे देहावसान झाले.

त्यांचे वैभव आपल्यापैकी थोड्यांच्याच वाट्यास येईल. परंतु अबुकीरचा प्रसंग प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्यास येतो. शेजारच्या मुलाची वही हरवते, परीक्षा तोंडावर असते, आणि आपली वही आपल्या हाती असते. त्या वेळी आमच्या बालमित्रांनी या पांथस्थाचे स्मरण करावे, एवढीच आमची विनंती.