थिअरी ऑफ मशिन्समधला ॲकरमन

थर्ड इयरच्या ओरलला मला विचारलं गेलं की ॲकरमन कोण. मी ठोकून दिलं, स्टिअरिंगचा शोध लावणारा जर्मन इंजिनीअर. सरांनी मान डोलावली, मार्कही पडले. नंतर लायब्ररीत बसून वाचायला लागले तेव्हा कळलं, माझ्या त्या उत्तरात 'जर्मन' हा एकच शब्द बरोबर होता, आणि तोही अर्धाच, कारण हा माणूस १८०९ मध्ये रीतसर ब्रिटिश नागरिक झाला होता. इंजिनीअर तो नव्हता. आणि स्टिअरिंगचा शोध त्याने लावलेला नाही!

माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी. पण ही गोष्ट मला मराठीतच सांगायची होती. त्याचं कारण शेवटी येईल.

रुडॉल्फ ॲकरमनचा जन्म १७६४ सालचा, जर्मनीत सॅक्सनीमधल्या श्टोलबर्ग या छोट्या गावातला. वडील खोगीर आणि घोडागाड्यांचं चामड्याचं काम करणारे. पोरगा गावातल्या लॅटिन शाळेत गेला, हुशारही होता, पण पुढे शिकवायला घरात पैसे नव्हते. मग काय, वडिलांच्याच वर्कशॉपमध्ये लागला. आपल्याकडे ज्याला बापाच्या हाताखाली तयार होणं म्हणतात तसं. चामडं कापता कापता त्याच्या लक्षात आलं, की आपला हात ड्रॉइंगवर जास्त चांगला चालतो. त्या काळी घोडागाडी ही श्रीमंतांची मिरवायची वस्तू. तिचं डिझाइन आधी कागदावर काढून, रंगवून गिऱ्हाइकाला दाखवायला लागायचं. ॲकरमन ते काम शिकला. ड्रेस्डेन, बासेल, पॅरिस, ब्रुसेल्स असं फिरत फिरत १७८७ च्या सुमारास तो लंडनला पोचला.

पुढच्या चारपाच वर्षांत त्याची डिझाइन्स कुठपर्यंत गेली? १७९० मध्ये आयर्लंडच्या लॉर्ड लेफ्टनंटची दरबारी गाडी त्याने डिझाइन केली, आणि पाठोपाठ डब्लिनच्या लॉर्ड मेयरची. परका माणूस, परकी भाषा, वय सव्वीस. मला तर पहिल्या सेमला होस्टेलच्या मेसमध्ये भाजी वाढून मागायचीसुद्धा लाज वाटायची.

पण लंडनमध्ये तो प्रसिद्ध झाला तो गाड्यांमुळे नाही, चित्रांमुळे. १७९५ मध्ये त्याने स्ट्रँड या रस्त्यावर छापील चित्रांचं दुकान काढलं आणि ड्रॉइंगची शाळा चालवली. वर्षभरात दुकान १०१ नंबरच्या मोठ्या जागेत हलवलं. हळूहळू शाळा बंद करून त्याने सगळी जागा दुकानाला दिली आणि त्याचं नाव 'रिपॉझिटरी ऑफ आर्ट्स' ठेवलं. रंग, कागद, पुस्तकं, चित्रं, सगळं तिथे मिळायचं. फ्रेंच राज्यक्रांतीतून जीव वाचवून पळून आलेल्या सरदार-पाद्र्यांना त्याने कामाला ठेवलं. ते पडदे, फुलदाण्या असल्या शोभेच्या वस्तू रंगवायचे. लंडनमध्ये गॅसचे दिवे नवे होते तेव्हा त्याने आपलं दुकान गॅसवर उजळवलं. त्याआधी, १८०१ मध्ये, कागद आणि कापड वॉटरप्रूफ करायचं पेटंट घेऊन चेल्सीला कारखानाही टाकला. म्हणजे गडी एका जागी बसणारा नव्हता. ट्रफाल्गरच्या लढाईत नेल्सन मारला गेला आणि जानेवारी १८०६ मध्ये त्याची अंत्ययात्रा निघाली, तेव्हा शवपेटीच्या रथाचं काम ॲकरमनवर सोपवलं होतं. खोगीरवाल्याचा मुलगा होता, शेवटी गाडीच कामाला आली.

त्याचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक म्हणजे 'मायक्रोकॉझम ऑफ लंडन'. १८०८ ते १८१० मध्ये निघालं. तीन खंड, १०४ रंगीत चित्रं. नेटवर पाहायला मिळतात, जरूर पाहा. यातली इमारती काढण्याचं काम ऑगस्टस प्युजिनचं आणि त्यात माणसं भरण्याचं काम थॉमस रोलँडसनचं. मग कोरणारे वेगळे. आणि छापून झालेल्या प्रत्येक प्रतीत हाताने रंग भरणारे आणखी वेगळे. चित्रकाराचं आणि कोरणाऱ्याचं नाव चित्राखाली असतं. रंगवणाऱ्यांचं कुठेच नाही. आणि प्रकाशक म्हणून ॲकरमनचं नाव आणि स्ट्रँडचा पत्ता मात्र हमखास असायचा.

'डॉक्टर सिंटॅक्स' नावाच्या त्याच्या लोकप्रिय विनोदी पुस्तकाचं तर आणखी मजेदार. चित्रं रोलँडसनची, पद्य विल्यम कूमचं. हा कूम कर्ज बुडवल्यामुळे किंग्ज बेंचच्या कैदेत होता. एकेक चित्र त्याच्याकडे जायचं, तो त्यावर पद्य लिहून परत पाठवायचा, पुढे काय येणार ते त्यालाही माहीत नसायचं. १८१२ मध्ये पुस्तक आलं, धडाक्यात खपलं, आणि त्यावर कूमचं नाव नव्हतं.

हे वाचून माझं मत ॲकरमनबद्दल वाईट व्हायला लागलं होतं. पण मग १८१३ आलं. लायप्झिगला नेपोलियनविरुद्धची प्रचंड लढाई झाली आणि सॅक्सनीतली गावंच्या गावं उद्ध्वस्त झाली. ॲकरमनने लंडनमध्ये वर्गणी गोळा करायला सुरुवात केली, पत्रव्यवहार, हिशेब, वाटप सगळं अंगावर घेतलं. पार्लमेंटनेही एक लाख पौंड दिले. गाव सोडून पंचवीस-तीस वर्षं झालेला माणूस. नुसतं नाव मिळवायचं असतं तर एवढी उस्तवार कोण करतो? तेव्हा लबाड म्हणून त्याला मोडीत काढता येत नाही.

आता स्टिअरिंग. जुन्या चारचाकी घोडागाडीचा पुढचा आस अख्खाच्या अख्खा मधल्या एका खिळ्यावर फिरायचा. मुंबईत ज्या व्हिक्टोरिया होत्या त्यांचं असंच होतं. आणि ज्यांचं गाव ऊसपट्ट्यात आहे त्यांनी ट्रॅक्टरमागची चारचाकी ट्रॉली वळताना पाहिली असेल, तिचंही तेच. जोरात वळवलं की पुढची दोन्ही चाकं बॉडीखाली सरकतात, आतल्या बाजूचा आधार जातो आणि गाडी कलंडते. शिवाय चाक बॉडीखाली जायला हवं म्हणून पुढची चाकं लहान ठेवावी लागतात, आणि लहान चाक प्रत्येक खड्ड्यात आपटतं.

म्युनिकमध्ये गेऑर्ग लांकेन्स्पेर्गर नावाचा राजाच्या पदरी असलेला गाडीकारागीर होता. त्याने १८१६ मध्ये आस जागच्या जागी ठेवला आणि दोन टोकांना दोन छोटे स्वतंत्र आस बसवले, प्रत्येक आपापल्या खिळ्यावर फिरणारा. तोच आपला किंगपिन आणि स्टब ॲक्सल. बव्हेरियात त्याला हक्कही मिळाले. इंग्लंडमध्ये मात्र कुणीतरी तिथला माणूस हवा होता. ॲकरमन जर्मन, गाड्यांमधलं कळणारा, लंडनमध्ये वजन असलेला. लांकेन्स्पेर्गरचा प्रतिनिधी म्हणून त्याने २७ जानेवारी १८१८ ला पेटंट घेतलं. नंबर ४२१२. पेटंटवर नाव ॲकरमनचं आलं आणि तेच चिकटलं. गंमत म्हणजे जर्मन लोक या स्टिअरिंगला नुसतं स्टब ॲक्सलचं स्टिअरिंग म्हणतात, त्यात ना हा ना तो.

ॲकरमनने नेट लावून जाहिरात केली. १८१९ मध्ये यावर वेगळं पुस्तक छापलं. पण इंग्लंडचे गाडीकारागीर बधले नाहीत. घोड्यांच्या वेगाला जुनी पद्धत चालून जात होती, मग नवे सांधे, नवे खिळे, नवी झीज कशाला? लोकांची मतंही काही अगदीच चुकीची नव्हती. आयडिया पडून राहिली.

आणि आयडिया लांकेन्स्पेर्गरचीही पहिली नव्हती. लिचफील्डचा डॉक्टर इरॅस्मस डार्विन, म्हणजे उत्क्रांतीवाल्या डार्विनचे आजोबा, त्यांनी १७५८ च्या आसपास हेच तत्त्व शोधून स्वतःच्या गाडीला लावलं होतं. पेशंट बघत हजारो मैल फिरले त्यात. पेटंट घेतलं नाही, कारण यंत्रांच्या भानगडीत पडलेला डॉक्टर म्हणून नाव खराब होईल ही भीती. पुढे १८७३ मध्ये फ्रान्सच्या अमेदे बोलेने वाफेच्या गाडीला तसं स्टिअरिंग लावलं. १८७८ मध्ये शार्ल जांतोने स्टिअरिंग आर्मचे कोन ठीक केले. बेंझने १८८६ ची पहिली मोटार तीनचाकी केली, कारण चार चाकं वळवायचा पटणारा मार्ग त्याच्याकडे नव्हता. त्याची चारचाकी व्हिक्टोरिया १८९३ मध्ये आली, ॲकरमनच्या मृत्यूनंतर जवळजवळ साठ वर्षांनी.

बाकी त्याचं उरलेलं आयुष्य भरभर सांगते. लिथोग्राफी इंग्लंडमध्ये रुजवणाऱ्यांपैकी तो एक, १८१९ मध्ये त्याने झेनेफेल्डरचं मूळ पुस्तक इंग्रजीत काढलं. १८२३ साठी 'फर्गेट मी नॉट' नावाचं भेट द्यायचं वार्षिक काढलं आणि त्याची इतकी फॅशन आली की सगळ्या प्रकाशकांनी नक्कल केली. स्पेनपासून नुकत्याच सुटलेल्या दक्षिण अमेरिकेतल्या देशांसाठी स्पॅनिश पुस्तकं छापली. १८३० मध्ये त्याला पक्षाघात झाला आणि ३० मार्च १८३४ ला तो गेला. लंडनमधल्या लोकांच्या दृष्टीने एक मोठा चित्रप्रकाशक गेला. स्टिअरिंगचं कुणाच्या ध्यानीमनीही नसणार.

आता शेवटचं, म्हणजे हे सगळं मी का वाचत बसले ते.

आमच्या ग्रुपने मिनी प्रोजेक्टला गो-कार्ट केली. व्हीलबेस १२०० मिलिमीटर, किंगपिनमधलं अंतर ८००. सरळ जाताना झक्कास. वर्कशॉपच्या मागच्या काँक्रीटवर अगदी हळू वळवली तरी पुढचे टायर किंचाळायचे आणि स्टिअरिंग जड. आम्ही आठवडाभर टो-इन बदलत बसलो. एकदा आत, एकदा बाहेर, प्रत्येक वेळी दोन मिलिमीटर. काही फरक नाही.

वर्कशॉपच्या मामांनी कुणी न सांगता येऊन टायरवरून तळहात फिरवला, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका बाजूने गुळगुळीत, उलट बाजूने करवतीसारखं टोचत होतं. टायर आडवा घासतोय एवढं नक्की झालं. त्यांनी टेपने टो मोजला, तो ठीक होता. किंगपिन आणि टाय रॉडचे सांधे हलवून पाहिले, ढिले नव्हते. म्हणजे सरळ जाताना दोष नाही, वळतानाच आहे. मग त्यांनी प्रत्येक पुढच्या चाकाखाली दोन-दोन पत्रे ठेवले, मध्ये ग्रीस. चाक अलगद फिरावं म्हणून. आतलं चाक वीस अंशांवर आणलं आणि बाहेरच्याचा कोन मोजला. तोही वीस!

इथे आमची मान खाली गेली. कारण सूत्र आम्हाला तोंडपाठ होतं. बाहेरच्या कोनाचा कॉट वजा आतल्या कोनाचा कॉट, बरोबर किंगपिनमधलं अंतर भागिले व्हीलबेस. आमच्या कार्टला ते ०.६६७ येतं. वीसचा कॉट २.७४७, बेरीज ३.४१४, म्हणजे बाहेरचं चाक साधारण सव्वासोळा अंशच वळायला हवं. ते वीस वळत होतं, म्हणून फरफटत होतं. जिग सोपा पडावा म्हणून स्टिअरिंग आर्म आम्ही सरळ, एकमेकांना समांतर वेल्ड केले होते. ते आत कलते हवे होते, त्यांच्या रेषा मागच्या ॲक्सलच्या मध्याजवळ मिळतील इतके. आमच्या मापाला अठरा अंशांच्या आसपास. मामांनी खडूने जमिनीवर रेषा मारून ते दाखवलं. कॉट वगैरे काही न काढता. आर्म कापून परत वेल्ड केले, टाय रॉड तेवढा आखूड केला, टो पुन्हा सेट केला. किंचाळणं थांबलं. (नक्की म्हणायचं तर तीनच स्थितींत हे स्टिअरिंग अचूक असतं, सरळ आणि दोन्ही बाजूंना एकेक कोन. कार्टला तेवढं पुरतं.)

रिपोर्टमध्ये त्या ड्रॉइंगखाली 'ड्रॉन बाय' च्या चौकोनात माझं नाव आहे. आभाराच्या पानावर प्राचार्य आहेत, एचओडी आहेत, गाइड आहेत, आईवडील आहेत, देव पण आहे. हे ॲकरमन प्रकरण वाचल्यावर मी ते पान पुन्हा उघडलं आणि लक्षात आलं, की मामांचं नाव टाकायचं तर मला ते माहीतच नाही. तीन वर्षं नुसतं मामा. हा मजकूर मराठीत लिहिण्याचं कारण तेच, रिपोर्ट ते वाचणार नाहीत, मॅगझिनचा हा विभाग ते दरवर्षी वाचतात.

बाइंडिंग थांबवून वर्कशॉपला गेले आणि पूर्ण नाव विचारलं. त्यांनी जॉब कार्डच्या मागे पेन्सिलने लिहून दिलं, आणि डाव्या टायरची कड अजून हाताला टोचते का ते विचारलं. मी पाहिलं नव्हतं. मग आम्ही दोघं कार्ट बघायला मागे गेलो.