चुळबुळ्या फिलिपचा जनक

सन १८४४ चा नाताळ जवळ आला होता. जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरात डॉ. हाइनरिश हॉफमन आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी चित्रांचे पुस्तक शोधत हिंडत होते. दुकानांत होत्या त्या लांबलचक गोष्टी आणि कोरडा उपदेश. अखेर ते कोरी वही घेऊन घरी परतले. तिच्यात त्यांनी स्वतःच चित्रे काढली, पद्ये रचली. मित्रांच्या आग्रहावरून १८४५ मध्ये ती वही छापली गेली आणि पुढे ‘श्ट्रुवेलपेटर’ या नावाने जगभर पोहोचली.

लवकरच निघालेल्या पुढच्या आवृत्तीत फिलिप अवतरला. जेवणाच्या टेबलावर त्याला क्षणभर स्वस्थ बसवत नाही. खुर्ची झुलवता झुलवता तो पडतो आणि टेबलावरच्या कापडासकट सारे जेवण खाली ओढतो. वडील संतापतात, आई मुकाट पाहत राहते. याच पुस्तकात आभाळाकडे पाहत चालताना पाण्यात पडणारा हान्स आहे, तसाच प्राण्यांना आणि माणसांना छळणारा दांडगा फ्रेडरिकही आहे. अतिचंचलता, अवधानाचा अभाव आणि आक्रमक वर्तन ही आज बालमानसोपचारतज्ज्ञांपुढे येणारी तीन रूपे एकाच बालपुस्तकात भेटावीत, हे नवल खरेच.

हॉफमन यांचा जन्म १३ जून १८०९ चा. आई लवकरच निवर्तली, मावशी सावत्र आई होऊन आली. वडील शहराच्या बांधकाम खात्यातील वास्तुविशारद, शिस्तीचे भोक्ते. अव्यवस्थित, विसराळू हाइनरिशला त्यांनी कडक शब्दांत लेखी समज दिली होती. या वडिलांचे नाव फिलिप याकोब. पुस्तकातल्या चुळबुळ्या मुलाला तेच नाव मिळावे, हा योगायोग की खोडी, याचा तर्क वाचकांनीच करावा.

हायडेलबर्ग आणि हाले येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते फ्रँकफुर्टला परतले आणि गरिबांच्या दवाखान्यात काम करू लागले. डॉक्टरला पाहून रडणाऱ्या मुलासमोर ते कागद-पेन्सिल घेऊन केस-नखे वाढलेल्या पोराचे चित्र काढत. मूल पाहण्यात गुंगे, रडे थांबे, की तपासणी उरकून घेत. रागावून जे साधत नाही, ते लक्ष गुंतवून साधते, ही जाण त्यांना होती. पुस्तकात मात्र प्रत्येक खोडीला शिक्षाच मिळते. हा विरोध नजरेआड करता येत नाही.

१८५१ मध्ये शहरातील मनोरुग्ण व अपस्मारग्रस्तांच्या संस्थेची जबाबदारी त्यांच्याकडे आली. इमारत जुनी, कोंदट. मनाचे विकार हे आजारच आहेत, या भूमिकेतून त्यांनी नव्या रुग्णालयासाठी अनेक वर्षे पाठपुरावा केला. देणग्या मिळवल्या, इतर ठिकाणची रुग्णालये पाहिली. १८६४ मध्ये शहराबाहेर बागबगीचा असलेले प्रशस्त रुग्णालय उभे राहिले. पुस्तकाच्या कीर्तीपेक्षा हे काम थोर मानावे लागेल.

फिलिप आजारी आहे, असे हॉफमन यांनी कुठेही म्हटलेले नाही. अशा मुलांविषयीची जॉर्ज स्टिल यांची प्रसिद्ध व्याख्याने लंडनमध्ये झाली ती १९०२ मध्ये. अवधानातील या दोषाला अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीत नाव मिळाले १९८० मध्ये, तर ‘एडीएचडी’ ही संज्ञा १९८७ मध्ये आली. आज हा मेंदूच्या विकासाशी निगडित विकार समजला जातो आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. एका जेवणातील गोंधळावरून त्याचे निदान होत नाही. लक्षणे बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली, किमान सहा महिने टिकलेली आणि घर व शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसणारी असावी लागतात. तरीही जर्मन बोलीत या विकाराला फिलिपचेच नाव चिकटले आहे.

हॉफमन १८८८ मध्ये निवृत्त झाले. त्याच वर्षअखेरीस त्यांच्या रुग्णालयात एक तरुण डॉक्टर रुजू झाला. त्याचे नाव अलोइस अल्झायमर. २० सप्टेंबर १८९४ रोजी फ्रँकफुर्ट येथेच हॉफमन यांचे निधन झाले.