पाठीवर धन्याचं नाव

दिवाळीला मुलीने मला एक जाडजूड पुस्तक आणून दिलं. जपानच्या जुन्या फोटोंचं. देवळं, बहरलेली चेरीची झाडं, फुजी पर्वत हे सगळं त्यात होतंच. पण मी अडकलो तो एका साध्याच पानावर. दोन हमाल आपल्याकडे पाठ करून उभे आहेत. अंगात गडद निळी, कमरेच्या जरा खाली पोचणारी, सैल बाह्यांची बंडी. घट्ट तुमान, पेंढ्याच्या चपला, डोक्याला गुंडाळलेलं फडकं. आणि सगळी पाठ व्यापून एक मोठं गोल चिन्ह. या बंडीला तिकडे हांतेन किंवा हाप्पी म्हणतात, आणि पाठीवरचं चिन्ह असतं धन्याचं. म्हणजे दुकानाचं, टोळीचं, किंवा ज्या घराण्याची चाकरी असेल त्या घराण्याचं. फोटोखाली त्या दोघांची नावं नाहीत. त्या चित्रात नाव म्हणून जे काही आहे ते मालकाचं.

असे फोटो काढून, हाताने रंगवून, अल्बमात बांधून परदेशी पाहुण्यांना विकायचा धंदा योकोहामा बंदरात ज्याने रुजवला, तो फेलिचे बेआतो. हे नाव मी आधीपासून ओळखत होतो, पण भलत्याच कारणाने. सत्तावनच्या उठावाबद्दल वाचताना लखनौच्या सिकंदरबागेचा एक फोटो हटकून समोर येतो. मागे पडझड झालेली इमारत, चार-दोन माणसं, एक घोडा, आणि पुढच्या अंगणात विखुरलेली माणसांची हाडं. तो फोटोही बेआतोचाच. हमालांच्या निळ्या बंड्या आणि ही पांढरी हाडं एकाच माणसाच्या धंद्यातली, हे लक्षात आल्यावर मला स्वस्थ बसवेना. मग मिळेल ते वाचत गेलो.

बेआतोचा जन्म १८३२ सालचा, व्हेनिसचा. पुढे कुटुंब कॉर्फू बेटावर गेलं आणि तिथून कॉन्स्टँटिनोपलला. कॉर्फूवर तेव्हा इंग्रजांचा अंमल होता, त्यामुळे हा इटालियन माणूस ब्रिटिश प्रजाजन म्हणून जगभर हिंडला. पहिलं भिंग त्याने १८५१ साली पॅरिसमध्ये विकत घेतलं. कॉन्स्टँटिनोपलच्या टांकसाळीत जेम्स रॉबर्टसन नावाचा इंग्रज खोदकाम करणारा होता, त्याला फोटोचा नाद. बेआतोच्या बहिणीशी त्याचं लग्न झालं आणि मेव्हण्या-मेव्हण्यांची भागी जमली. १८५५ मध्ये दोघांनी क्रिमियाच्या युद्धात पडलेल्या सेवास्तोपोलचे फोटो काढले. फेलिचेचा भाऊ अंतोनियोही फोटोग्राफरच. दोघं मिळून एकाच नावाने सही ठोकत, त्यामुळे पुढे कितीतरी वर्षं अभ्यासकांना प्रश्न पडायचा की हा एकच मनुष्य इजिप्तमध्ये आणि जपानमध्ये एकाच वेळी कसा असू शकेल!

१८५८ च्या फेब्रुवारीत बेआतो कलकत्त्याला उतरला. लखनौ, कानपूर, दिल्ली, आग्रा, बनारस, पंजाब असा तो फिरला. ज्या कानपूरशी नानासाहेब पेशव्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं, तिथल्या सतीचौरा घाटाचाही त्याने फोटो काढला. आता सिकंदरबागेची हकिगत. तिथलं रण माजलं १६ नोव्हेंबर १८५७ रोजी. सुमारे दोन हजार शिपाई त्या आवारात मारले गेले. बेआतो तिथे पोचला त्यानंतर चार-पाच महिन्यांनी. त्या काळी तिकडे असलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याने पुढे आपल्या आठवणींत नोंदवून ठेवलं आहे, की प्रेतं झाकून टाकलेली होती, पण फोटोग्राफरने ती उघडी करायला लावली. म्हणजे फोटोतली हाडं खरी, माणसं खरी, मरण खरं. मांडणी मात्र बेआतोची.

दोन वर्षांनी तो इंग्रज-फ्रेंच फौजांबरोबर चीनमध्ये गेला. १८६० च्या ऑगस्टमध्ये ताकूचे किल्ले पडले. तिथेही आपले फोटो होईपर्यंत प्रेतं हलवू नका असा त्याचा आग्रह होता, हे फौजेतल्या एका डॉक्टरने लिहिलं आहे. मी या माणसाला राक्षस ठरवायला बसलेलो नाही. सरकारी नोकरीत नसलेला, पदरचे पैसे घालून काचा वाहणारा तो व्यापारी होता. गिऱ्हाईक विलायतेत होतं आणि गिऱ्हाइकाला विजय दिसायला हवा होता. तरीही त्या दोन नोंदी वाचल्यावर त्याचा कुठलाही फोटो भाबडेपणाने पाहता येत नाही.

१८६३ मध्ये तो योकोहामाला आला आणि पुढची एकवीस वर्षं तिथला झाला. चीनमध्ये ओळख झालेला चार्ल्स वर्गमन हा लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकाचा चित्रकार तिथे आधीच होता; दोघांनी मिळून दुकान थाटलं. योकोहामा परदेशी लोकांना खुलं होऊन तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. बंदरापासून दहा री, म्हणजे सुमारे चाळीस किलोमीटर, एवढ्याच टापूत परदेशी माणसाला हिंडायची मुभा. त्याच्या आदल्या वर्षी तोकाइदो या हमरस्त्यावर एका इंग्रजाला सामुराईंनी कापून काढलं होतं. बेआतो वकिलातींच्या मंडळींबरोबर एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, जाऊन आला आणि आतागो टेकडीवरून पाच काचांवर त्याने ते सारं शहर टिपलं. उमरावांच्या वाड्यांची कौलंच कौलं; त्यातलं आज जवळजवळ काहीही उरलेलं नाही.

त्याचं तंत्र समजून घेतलं तर पुढचं कळेल. काचेवर कलोडियनचा चिकट थर द्यायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली आहे तोवर कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत धुऊन काढायची. म्हणजे अंधारखोली बरोबर हवी. आणि काही सेकंद समोरच्याने हलायचं नाही. हललं की धुकं. आता विचार करा, मजूर म्हणजे तर हलणारा माणूस. पालखीचे भोई, धावता टपालवाला, घोड्यापुढे पळणारा मोतद्दार. त्यांचं काम दाखवायचं तर आधी ते थांबवावं लागे. म्हणून बेआतोचे भोई पालखीपाशी नुसते उभे असतात. पुष्कळदा ते रस्त्यावर नसतातच. स्टुडिओत, कोऱ्या पडद्यासमोर असतात.

१८६६ च्या आगीत योकोहामाचा मोठा भाग जळाला आणि बेआतोच्या सगळ्या निगेटिव्ह गेल्या. दोन वर्षांत त्याने पुन्हा सगळं उभं केलं आणि १८६८ मध्ये दोन खंडी अल्बम काढला. एकात स्थळं, दुसऱ्यात माणसं. माणसांच्या खंडातले फोटो हाताने रंगवलेले. लाकडी ठशांच्या चित्रांची परंपरा असलेल्या त्या देशात पाणरंगाचे कसबी हात मुबलक होते. ते त्याने कामाला लावले. त्याच्याकडे रंगारी आणि मदतनीस म्हणून राबलेला कुसाकाबे किंबेई पुढे स्वतःच नामांकित फोटोग्राफर झाला. पण रंग हाताचा, म्हणून त्यावर भरवसा नाही. एकाच निगेटिव्हच्या दोन प्रतींत त्याच माणसाचा अंगरखा एकीकडे निळा तर दुसरीकडे तपकिरी असू शकतो.

कापड मात्र खोटं बोलत नाही. नीट पाहिलं तर कळतं की ती बंडी सुती आहे. रेशीम सामान्य माणसाला कायद्यानेच वर्ज्य होतं. रंग नीळ, कारण नीळ स्वस्त, टिकाऊ, मळखाऊ, आणि किडामुंगी तिच्याजवळ येत नाही अशी समजूत. छातीवर हारागाके नावाचं आवळ अंगवस्त्र, त्याला खिसा. आग विझवणाऱ्या टोळ्यांच्या बंड्या तर अनेक पदर घालून टाक्याटाक्याने शिवलेल्या, आपल्या गोधडीसारख्या. त्या पाण्यात भिजवून ज्वाळांत शिरायचं. पावसात गवताचा झगा. त्याला मिनो म्हणतात, आणि आपल्या कोकणातलं इरलं ज्याने पाहिलंय त्याला तो परका वाटणार नाही. उत्तरेच्या थंड मुलुखात कापूस पिकत नाही. तिथल्या बायका चिंधीवर चिंधी शिवत कपडा पिढ्यान् पिढ्या वापरत.

इथे मला एक जुना खातेदार आठवतो. मी बँकेत असताना तालुक्याच्या शाखेत होतो. ज्याला सही येत नाही त्याच्या खात्यावर अंगठा आणि फोटो लागे. एका शेतकऱ्याने फोटो आणून दिला तो कोट-टाय घालून काढलेला! गावच्या स्टुडिओत खुंटीला एक कोट कायमचा लटकलेला असे, तो चढवून. सहा महिन्यांनी गृहस्थ पैसे काढायला आले ते मुंडासं, खांद्यावर घोंगडी, अंगाला शेणाचा वास. नव्या कॅशियरने ओळखलंच नाही. मी त्यांना बसवलं, चहा दिला आणि नेहमीच्या कपड्यातला फोटो काढून आणा म्हणालो. ते बधले नाहीत. घोंगडी रानासाठी, फोटो घरात लावायला, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा मला तो हट्ट वाटला होता.

योकोहामाची गोष्ट वाचताना त्यांचं म्हणणं मला उमगलं. नागासाकीत उएनो हिकोमा या जपानी फोटोग्राफरने १८६२ मध्ये स्टुडिओ काढला. तिथे पदरचे पैसे मोजून येणारे जपानी लोक ठेवणीतले कपडे घालून येत. साकामोतो र्योमा या क्रांतिकारकाचा प्रसिद्ध फोटो उएनोच्याच स्टुडिओतला. तो तर हाकामावर चक्क विलायती बूट घालून उभा आहे. स्वतःसाठी फोटो काढणाऱ्याच्या अंगावर त्याच्या घराण्याचं चिन्ह. परक्याच्या अल्बमासाठी उभं राहणाऱ्याच्या पाठीवर धन्याचं. जपानी श्रमिकांच्या कपड्यांचा हा एवढा ठेवा उरला, कारण तो विकत घेणारे परके होते. गिऱ्हाइकाला कोटातला भोई नको होता.

आणि तो ठेवा अगदी वेळेवर काढला गेला, हेही कबूल करायला हवं. बेआतोच्या अल्बमात एका मोतद्दाराचा फोटो आहे. कमरेला लंगोट, आणि मानेपासून मांडीपर्यंत रंगीत गोंदण. उन्हाळ्यात तेच त्याचं वस्त्र. १८७२ मध्ये नव्या सरकारने गोंदणावर आणि टोकियोच्या रस्त्यांवर उघड्या अंगाने वावरण्यावर बंदी घातली. पाश्चात्त्य पाहुणे हसतील म्हणून. १८७० च्या सुमारास माणसाने ओढायची दोनचाकी गाडी निघाली. तिचं नाव जिन-रिकि-शा, आपला रिक्षा हा शब्द त्यातूनच आलेला. तिने पालखीच्या भोयांचं पोट मारलं. १८७६ मध्ये सामुराईंच्या कमरेच्या तलवारीही गेल्या. फोटोतलं जग आठ-दहा वर्षांत विस्कटलं.

बेआतोचंही तसंच झालं. १८७७ मध्ये त्याने स्टुडिओ आणि निगेटिव्ह विकून टाकल्या आणि जमिनी, हॉटेल, बाजार यांत पैसा घातला. मधल्या काळात तो ग्रीसचा वाणिज्यदूतही झाला होता. योकोहामाच्या चांदीच्या सट्ट्यात अखेर होतं-नव्हतं ते गेलं, आणि १८८४ मध्ये तो जवळजवळ रिकाम्या खिशाने जपानमधून निघाला. हातातली कला सोडून सट्ट्यात शिरलेली माणसं मी टेबलापलीकडे पुष्कळ पाहिली आहेत. त्यांना सांगून उपयोग नसतो.

बावन्नाव्या वर्षी तो पुन्हा फौजेमागे सुदानला गेला. खार्टूमला अडकलेल्या जनरल गॉर्डनच्या सुटकेला फौज उशिरा पोचली, हा त्याहूनही उशिरा. मग ब्रह्मदेश. १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि थिबा राजाला पुढे आपल्या रत्नागिरीत आणून ठेवलं. तो तिथेच १९१६ मध्ये वारला. राजा इकडे समुद्राकडे बघत बसलेला असताना त्याच्या रिकाम्या राजधानीत बेआतोने फोटोचा स्टुडिओ आणि कलाकुसरीच्या वस्तूंचं दुकान थाटलं, टपालाने माल पाठवायला सुरुवात केली आणि पुन्हा थोडे पैसे मिळवले. १९०७ मध्ये त्या कंपनीचंही दिवाळं वाजलं.

तो ब्रह्मदेशातच वारला असावा, असं बरीच वर्षं समजलं जात होतं. २००९ मध्ये त्याच्या मृत्यूची नोंद उजेडात आली: २९ जानेवारी १९०९, फ्लॉरेन्स. जन्मगावाचा आणि सालाचा पत्ताही त्यातूनच पक्का लागला. शंभर वर्षांनी का होईना, त्याचं नाव आणि तारीख जुळली.

हमालांच्या पानावर मी अजून परत परत जातो. परवा मुलीने भिंग आणून दिलं. डाव्या बाजूच्या माणसाच्या बंडीला, खांद्यावर जिथे कावडीचा दांडा टेकतो नेमकं तिथे, एक चौकोनी ठिगळ आहे. टाके बारीक आहेत आणि सरळ. घरी कुणीतरी सावकाश बसून घातलेले.