विश्रांतीचा अर्धा तास

खाशाबा जाधवांचे पदक सर्वांना ठाऊक आहे. मला मात्र त्यांना न मिळालेल्या अर्ध्या तासाविषयी लिहावयाचे आहे.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वर या खेड्यात झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल. त्यामुळे तालमीची माती मुलाच्या अंगाला लहानपणीच लागली. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये व पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात झाले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पायाखाली माती नव्हती, मॅट होती; नियमही निराळे होते. तरीही फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळविला.

१९५२ साली हेलसिंकीला जावयाचे तर पैसा नव्हता. लोकांनी वर्गणी काढली आणि प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. आपल्या विद्यार्थ्यावर एवढा विश्वास टाकणारे गुरुजन लाभणे हे भाग्यच!

हेलसिंकीत खाशाबा ५७ किलो वजनगटात उतरले. जपानच्या शोहाची इशीशी झालेली कुस्ती लांबली आणि अखेर हातची गेली. श्वास जुळतो न जुळतो तोच सोव्हिएत रशियाच्या रशीद मम्मदबेयोव्हशी लढण्यास त्यांना सांगण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी असा नियम होता. पण तो नियम दाखवून त्यांची बाजू मांडायला एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा हरले. इशीला सुवर्ण, रशीदला रौप्य आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे मिळण्यास १९९६ साल उजाडले.

अर्ध्या तासाने असा काय फरक पडला असता? जोराच्या झटापटीस लागणारी स्नायूंतील शक्ती काही मिनिटांच्या विसाव्याने बरीचशी भरून येते, श्वास व नाडी ताळ्यावर येतात. स्नायूंतील साखरेचा साठा भरण्यास मात्र अन्न, पाणी, झोप आणि जवळजवळ एक दिवस लागतो. म्हणून मेहनतीनंतर एकदम आडवे न होता थोडे चालावे, पाणी प्यावे, काही खावे. आमच्या अर्धापूरची केळी याला उत्तम!

हे मी पुस्तकी लिहीत नाही. एका यात्रेच्या फडात मला एकामागून एक दोन कुस्त्या धराव्या लागल्या. दुसऱ्या वेळी हातांत पकडच उरली नव्हती. लोक हसले. मीही दोष स्वतःलाच दिला. रात्री आईने करडईचे कोमट तेल लावून अंग रगडले. शेजारी बाबा बसले होते. ते दिवसभर केळीचे घड वाहतात. त्यांचेही खांदे सुजले होते, पण तेलाची वाटी त्यांनी माझ्याकडेच सरकवली. दमलो असे म्हणणे म्हणजे कामचुकारपणा, असेच आमच्या घरात आजवर मानले गेले.

खाशाबा १९५५ साली पोलीस खात्यात फौजदार झाले, सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर. त्यांचे चरित्र वाचताना मला वाटले, त्यांच्या अंगी बळ कमी नव्हते. कमी होता तो नियम ठाऊक असलेला, पुढे होऊन बोलणारा एक माणूस.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. धाकटा भाऊ आता तालमीत जातो. येत्या यात्रेत तो फडात उतरेल, तेव्हा मी कडेला घड्याळ घेऊन उभा राहणार आहे. त्या रात्री तेलाची वाटी मात्र आधी बाबांकडे जाईल.