ॲकरमन कोण होता?

मेकॅनिकलच्या पोराला रात्री दोन वाजता झोपेतून उठवून विचारलं तरी तो ॲकरमन स्टीअरिंगचं सूत्र सांगेल. कॉट फाय वजा कॉट थीटा बरोबर सी भागिले बी. थिअरी ऑफ मशिन्सच्या ओरलला मीही ते घडाघडा म्हटलं. एक्स्टर्नल सरांनी मान डोलावली आणि जाता जाता विचारलं, की हा ॲकरमन कोण होता? मी ठोकून दिलं, की मोठा जर्मन इंजिनिअर होता. सर नुसते हसले आणि त्यांनी पुढचा रोल नंबर पुकारला. मार्क मिळाले, पण ते हसणं काही डोक्यातून जाईना. शेवटी लायब्ररीत बसून शोधलं. जर्मन बरोबर होतं. इंजिनिअर मात्र साफ चूक! आपला ॲकरमन लंडनमधला चित्रांचा दुकानदार आणि पुस्तकांचा प्रकाशक निघाला.

रुडॉल्फ ॲकरमनचा जन्म १७६४ चा, सॅक्सनीतल्या स्टोलबर्ग गावातला. वडील खोगिरं आणि घोडागाड्या बनवायचे. पोराचा हात चित्रकलेत चांगला, त्यामुळे घरच्याच धंद्यात राहून तो गाड्यांची डिझाइन्स काढायला शिकला. कामाच्या शोधात फिरत फिरत पॅरिसला गेला आणि तिथून १७८० च्या दशकात लंडनला पोहोचला. परका देश, परकी भाषा, पण ड्रॉइंग पक्कं. १७९० च्या सुमारास आयर्लंडच्या लॉर्ड लेफ्टनंटसाठी शाही बग्गी डिझाइन करण्याचं काम त्याला मिळालं, यावरून त्याचा दर्जा लक्षात यावा. पुढे ॲडमिरल नेल्सनची अंत्ययात्रा निघाली, त्या रथाचं डिझाइनही त्याचंच.

१७९५ मध्ये त्याने लंडनच्या स्ट्रँड या रस्त्यावर छापील चित्रांचं दुकान काढलं आणि जोडीला ड्रॉइंग शिकवण्याचा क्लास. दुकान असं चाललं, की तिथे जाणं ही लंडनकरांची फॅशन झाली. दुकानात गॅसचे दिवे लावणाऱ्या पहिल्या काही लोकांत तो होता. १८०९ पासून त्याने एक मासिक चालवलं. त्यात कपड्यांच्या फॅशनबद्दल लिहिताना खऱ्या कापडाचे छोटे तुकडे चिकटवलेले असायचे! फ्रान्समधल्या क्रांतीमुळे देशोधडीला लागलेल्या लोकांना त्याने आपल्या दुकानाच्या कामावर घेतलं. १८१३ च्या लाइपझिगच्या लढाईनंतर जर्मनीतले लोक उघड्यावर पडले, तेव्हा त्यांच्यासाठी लंडनमध्ये निधी उभा करण्यात तो पुढे होता. दगडावरून छपाई करण्याची कला, म्हणजे लिथोग्राफी, इंग्लंडमध्ये रुजवण्यातही त्याचा मोठा वाटा आहे.

मग या माणसाचं नाव आपल्या सिलॅबसमध्ये आलं कसं?

त्या काळच्या चारचाकी बग्गीत पुढचा अख्खा आस मधल्या एका खिळ्यावर फिरायचा. वळण तीव्र असलं की पुढची दोन्ही चाकं बग्गीच्या पोटाखाली जायची, चार पायांच्या टेबलाचं जणू तीन पायांचं स्टूल व्हायचं आणि बग्गी कलंडायची. चाकं खाली शिरावीत म्हणून पुढची चाकं लहान ठेवावी लागत, ती वेगळीच कटकट. म्युनिकमधला गाड्या बनवणारा कारागीर गेऑर्ग लँकेनस्पर्गर याने १८१७ च्या सुमारास यावर तोड काढली. आस जागचा हलवायचाच नाही. फक्त टोकांची चाकं आपापल्या खिळ्यावर वळवायची आणि दोन्ही दांड्यांनी जोडायची. त्याचं लंडनमधलं काम ॲकरमन पाहायचा. १८१८ मध्ये लँकेनस्पर्गरचा प्रतिनिधी म्हणून ब्रिटिश पेटंट त्याने घेतलं, कागदावर नाव ॲकरमनचं लागलं आणि तेच आजतागायत राहिलं.

गंमत म्हणजे लँकेनस्पर्गरही पहिला नव्हे. चार्ल्स डार्विनचे आजोबा, डॉक्टर इरॅस्मस डार्विन, यांना हीच युक्ती १७५८-५९ च्या सुमारास सुचली होती. पेशंट तपासायला बग्गीतून गावोगाव फिरणारा माणूस, त्याला सुचणारच. पण त्यांनी पेटंट घेतलं नाही.

या भूमितीचं मर्म मला वर्गात कळलं नव्हतं, दिवाळीच्या सुट्टीत कळलं. घरच्या गाडीचे मागचे दोन्ही टायर आतल्या कडेने पार गुळगुळीत झाले होते, बाहेरची नक्षी जशीच्या तशी! बाबांनी दोनदा अलाइनमेंट करून घेतली होती, पण दोन्ही वेळा फक्त पुढच्या चाकांची. मी ॲकरमनची आकृती काढून बसलो. चारही चाकांच्या मध्यरेषा एका बिंदूत मिळाल्या पाहिजेत, तर प्रत्येक चाक आपापल्या वर्तुळावर न घासता लोळतं. आणि तो बिंदू कुठे असतो? मागच्या आसाच्या वाढवलेल्या रेषेवर! म्हणजे पुढच्या चाकांचा सगळा हिशोब मागच्या आसावर उभा आहे. आपण मात्र मागची चाकं सरळच असणार असं धरून चालतो.

खड्ड्यात आपटून मागचा आस जरा वाकला आणि चाक एका अंशाने तिरकं झालं, तर प्रत्येक किलोमीटरमागे ते हिशोबाने साधारण १७ मीटर आडवं फरफटत जातं. दोन्ही चाकं विरुद्ध बाजूंना तिरकी असतील तर गाडी सरळ धावते आणि टायर मुकाट्याने झिजत राहतात. दोन्ही एकाच बाजूला तिरकी असतील तर गाडी एका बाजूला जाऊ बघते आणि सरळ जाण्यासाठी स्टीअरिंग वाकडं धरावं लागतं. बऱ्याच छोट्या गाड्यांना मागे ॲडजस्टमेंटच नसते, म्हणून तिकडे कोणी बघत नाही. आमचं निदान चारही चाकं मोजल्यावर पक्कं झालं. मागचा बीम वाकला होता, तो बदलावा लागला.

पुन्हा ॲकरमनकडे येऊ. १८१९ मध्ये त्याने या आसाची माहिती देणारं पुस्तक काढलं, पण लंडनच्या गाडीवाल्यांनी त्याला दाद दिली नाही. वर्षानुवर्षांची सवय कोण मोडणार? ३० मार्च १८३४ रोजी तो वारला, तेव्हा लोक त्याला ओळखत होते ते सुंदर चित्रं आणि पुस्तकांसाठी. १८७३ मध्ये फ्रान्सच्या आमेदे बोलेने वाफेच्या गाडीत प्रत्येक पुढचं चाक वेगळं वळवलं. १८९३ मध्ये कार्ल बेंझने आपल्या चारचाकी मोटारीला याच धर्तीचं स्टीअरिंग बसवलं. घोडे गेले आणि दुकानदाराचं नाव जगभर पोहोचलं. लँकेनस्पर्गर मात्र आकृतीतल्या मागच्या आसासारखाच राहिला. सगळा हिशोब त्याच्यावर, पण लक्ष कोणाचंच नाही.

ॲकरमनला मी चोर म्हणणार नाही. त्याने दुसऱ्याची कल्पना स्वतःच्या खटपटीने पुढे नेली. नाव चिकटवलं ते आपण, पुस्तकं वाचणाऱ्यांनी. पण हे वाचून मला आमचा प्रोजेक्ट रिपोर्ट आठवला. पहिल्या पानावर आम्हा चौघांची नावं ठळक अक्षरात. ज्या फ्रेमवर आम्हाला शाबासकी मिळाली, तिचं वेल्डिंग आमच्याकडून तीनदा फसलं होतं. चौथ्यांदा ती वर्कशॉपच्या मामांनी एका दुपारी उभी करून दिली, आणि कुठे तिरकी होतेय तेही त्यांनीच दाखवलं. आभाराच्या पानावर प्रिन्सिपॉल सरांपासून सगळे होते, मामा नव्हते.

बाइंडिंगला जायच्या आदल्या रात्री मी ते पान बदललं. झेरॉक्सचे पंधरा रुपये जास्त लागले.