डार्विन आणि बुडालेला ज्वालामुखी

विद्यार्थी मित्रांनो, चार्ल्स डार्विन म्हटलं की तुम्हाला लगेच उत्क्रांती आठवते, बरोबर ना? पण त्याआधी त्यांनी समुद्राखालच्या ज्वालामुखींचं एक मोठं कोडं सोडवलं होतं. आज तेच समजून घेऊया.

डार्विन यांचा जन्म 12 फेब्रुवारी 1809 रोजी इंग्लंडमधील श्रूजबरी येथे झाला. वडील डॉक्टर. त्यांनी मुलालाही डॉक्टरकीसाठी एडिनबरोला पाठवलं, पण शस्त्रक्रिया पाहून त्याचं मनच उडालं. पुढे केंब्रिजची पदवी घेऊन डिसेंबर 1831 मध्ये, वयाच्या 22व्या वर्षी, डार्विन ‘बीगल’ जहाजातून जगप्रवासाला निघाले.

1835 मध्ये चिलीत मोठा भूकंप झाला. तिथे किनाऱ्याची जमीन वर उचललेली त्यांनी पाहिली. जमीन एकीकडे वर येते, तर दुसरीकडे समुद्राचा तळ खचतही असेल, असा विचार त्यांनी केला.

आता कोडं पाहा. प्रवाळ वाढतात उथळ, उजेडाच्या पाण्यात. मग खोल महासागरात त्यांची कंकणाकृती बेटं आली कुठून? डार्विन यांचं उत्तर सोपं होतं. ज्वालामुखीच्या बेटाभोवती प्रवाळ वाढतात. बेट हळूहळू खचतं, प्रवाळ मात्र वर वर वाढत राहतात. शेवटी डोंगर बुडतो आणि उरतं ते फक्त प्रवाळांचं कडं!

गंमत म्हणजे, खरं प्रवाळ बेट पाहण्याआधीच त्यांना हे सुचलं होतं. एप्रिल 1836 मध्ये ते हिंदी महासागरातील कोकोस (कीलिंग) बेटांवर पोहोचले. कप्तान फिट्झरॉय यांनी किनाऱ्यापासून दोन किलोमीटरवर 7,200 फूट दोरी सोडली, तरी तळ लागला नाही. 1842 मध्ये डार्विन यांनी यावर पुस्तक लिहिलं.

पण सगळ्यांना ते पटलं नाही. कुणा श्रीमंताने अशा बेटावर खोल छिद्र पाडून पाहावं, असं त्यांनी 1881 मध्ये एका पत्रात लिहिलं. पुढच्याच वर्षी, 19 एप्रिल 1882 रोजी, त्यांचं निधन झालं. अखेर 1952 मध्ये पॅसिफिकमधील एनेवेटाक बेटावर अमेरिकेने छिद्र पाडलं. सुमारे 1,400 मीटर खाली ज्वालामुखीचा खडक लागला! डार्विन बरोबर ठरले, पण मृत्यूनंतर 70 वर्षांनी.

2022 मध्ये ऑस्ट्रेलियाने कोकोस बेटांभोवतीचा समुद्र सागरी उद्यान म्हणून जाहीर केला. तिथे हिरवी कासवं, शार्क आणि प्रवाळ सुखाने राहतात. आपलं लक्षद्वीपही अशाच बुडालेल्या ज्वालामुखींवर उभं आहे बरं का!

मित्रांनो, यातून एक गोष्ट लक्षात ठेवा. खालचा डोंगर कधीच विझला, बेट टिकलं ते इवल्याशा जिवंत प्रवाळांमुळे. समुद्र फार तापला की हे प्रवाळ पांढरे पडतात आणि मरतात. त्यांची वाढ थांबली, तर बेटाला वर धरून ठेवणार कोण? विचार करा आणि वहीत लिहा.